ग्राम डाक्तारांच्या हाती क्षयाच्या गोळ्या

१९९८ साली बांगलादेशात डेमियन फाउंडेशन या संस्थेने काही माणसांना क्षयरोगाचे शिक्षण द्यायला घेतले. कायद्याच्या लेखी ही माणसे डॉक्टर नव्हती. कुणी औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभे राहून शिकलेला, कुणी वडिलांच्या हाताखाली, कुणी शहरातल्या डॉक्टरकडे काही वर्षे कंपाउंडरकी करून गावी परतलेला, तर कुणी काही महिन्यांचा कसलासा कोर्स करून आलेला. गावचे लोक त्यांना ग्राम डाक्तार म्हणत. बाजाराच्या वाटेवर पत्र्याचे दुकान, मांडणीवर सिरपच्या बाटल्या, समोर रोग्यांसाठी बाक आणि रात्री-अपरात्री हाक मारली तरी उठणारा माणूस, एवढा त्यांचा दवाखाना. पाच वर्षांत, म्हणजे २००३ पर्यंत, अशा १२,५२५ ग्राम डाक्तारांना शिकवून संस्थेने त्यांना क्षयरोग कार्यक्रमात घेतले आणि सरकारच्या मोफत गोळ्या त्यांच्या हाती दिल्या.

आपल्याकडे अशा माणसाला बोगस डॉक्टर म्हणतात. अधूनमधून शोधमोहीम निघते, दोन-चार दुकानांना सील लागते, पेपरात फोटो येतो आणि महिन्याभरात दुकान पुन्हा उघडते. मग शेजारच्या देशात याच माणसाच्या हाती क्षयासारख्या रोगाची औषधे कशी दिली गेली? याचे उत्तर शोधायला बरेच मागे जावे लागते. ग्राम डाक्तार मुळात आला कुठून, तिथपासून सुरुवात करायला हवी.

ब्रिटिश अमदानीत डॉक्टर दोन प्रकारचे होते. एक पदवीधर आणि दुसरे लायसेन्शिएट, म्हणजे वैद्यकीय शाळेत कमी वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केलेले. १९४६ साली भोर समितीने अहवाल दिला तेव्हा अखंड हिंदुस्थानात सुमारे ४७,५०० नोंदणीकृत डॉक्टर होते आणि त्यांतले जवळपास ३०,००० लायसेन्शिएट होते. तालुक्याच्या गावांत, बाजारपेठांत, रेल्वेच्या जंक्शनांवर जो काही डॉक्टर दिसे, तो बहुधा याच वर्गातला. समितीने शिफारस केली की यापुढे देशात एकाच दर्जाचा, पदवीधर डॉक्टर तयार व्हावा. समितीतल्याच काही सदस्यांनी भिन्नमत नोंदवले. एवढ्या मोठ्या देशाला पदवीधर पुरणार नाहीत, लायसेन्शिएट अभ्यासक्रम निदान काही वर्षे चालू ठेवा, असे त्यांचे म्हणणे होते. ते बहुमतापुढे टिकले नाही. फाळणीनंतर सीमेच्या दोन्ही बाजूंना वैद्यकीय शाळांची कॉलेजे होत गेली. मैमनसिंगला १९२४ साली निघालेली लिटन मेडिकल स्कूल १९६२ साली मैमनसिंग मेडिकल कॉलेज झाली. दर्जा वाढला यात शंका नाही. पण कॉलेजातून बाहेर पडलेला पदवीधर ढाक्याकडे बघू लागला, नाहीतर थेट परदेशाकडे. खेड्यात मोकळ्या पडलेल्या खुर्चीवर ग्राम डाक्तार बसला. भोर समितीचा हेतू उदात्त होता, पण भिन्नमत देणाऱ्यांना खेडे जास्त ठाऊक होते, असे माझे मत आहे.

१९७१ च्या युद्धानंतर नव्या राष्ट्राने ही जागा भरण्याचे बरेच प्रयत्न केले. डॉ. जफरुल्ला चौधरी यांनी साव्हारला गणस्वास्थ्य केंद्र उभारले आणि खेड्यातल्या मुलींना पॅरामेडिक म्हणून तयार केले. चीनच्या अनवाणी डॉक्टरांचे तेव्हा जगभर कौतुक होते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस सरकारनेही 'पल्ली चिकित्सक' तयार करण्याची योजना काढली. खेड्यातल्या शिकलेल्या तरुणाला एक वर्षाचे प्रशिक्षण द्यायचे आणि त्याच्याच गावी पाठवायचे, अशी ती योजना होती. ती काही वर्षांतच गुंडाळली गेली. प्रशिक्षण घेतलेले तरुण मात्र कुठे गेले नाहीत. त्यांनी दुकाने थाटली आणि ग्राम डाक्तारांच्या संख्येत भरच पडली.

ही झाली डाक्तारांची हकिकत. क्षयाची हकिकत वेगळ्या वाटेने आली.

रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. पण जंतू सापडला म्हणून औषध मिळाले नाही. पुढची साठेक वर्षे क्षयावर उपाय होता तो हवा, विश्रांती आणि सकस अन्नाचा. त्यासाठी सॅनेटोरियम लागे. मिरजेजवळचे वानलेसवाडीचे सॅनेटोरियम आपल्याकडच्या जुन्या पिढीला ऐकून तरी माहीत आहे. १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आले, पाठोपाठ पास आणि आयसोनायझिड आले आणि क्षय बरा होऊ लागला. तरीही रोग्याला महिनोन्महिने खाटेवर ठेवायलाच हवे हा समज कायम होता. लाखो रोगी आणि काही हजार खाटा, हे गणित हिंदुस्थानात सुटण्यासारखे नव्हते.

ते सोडवले मद्रासने. १९५६ साली तिथे सुरू झालेल्या संशोधन केंद्रात वॉलेस फॉक्स यांच्या नेतृत्वाखाली एक साधी तुलना केली गेली. काही रोग्यांना सॅनेटोरियममध्ये ठेवून औषधे दिली आणि काहींना त्यांच्या घरी, मद्रासच्या गर्दीच्या वस्त्यांत, अपुऱ्या जेवणावर तीच औषधे दिली. १९५९ साली निकाल प्रसिद्ध झाले. घरी राहिलेले रोगी जवळपास तेवढ्याच प्रमाणात बरे झाले होते. घरच्यांना होणारा संसर्गही त्यामुळे वाढला नव्हता. सॅनेटोरियमचा जमाना त्या दिवशी संपला असे म्हटले तरी चालेल. मात्र याच कामात एक नवी अडचण दिसली. महिन्या-दोन महिन्यांत खोकला थांबतो, ताप जातो, अंगात ताकद येते आणि माणूस गोळ्या सोडून कामाला लागतो. जंतू मात्र शिल्लक असतो आणि तो पुढच्या वेळी औषधाला दाद देत नाही. म्हणून मद्रासमध्येच आठवड्यातून दोनदा, डोळ्यांसमोर औषध देण्याचे प्रयोग झाले. त्यांचे निकाल १९६४ साली आले. तीन दशकांनंतर 'डॉट्स' म्हणून जगभर गेलेल्या पद्धतीतली मुख्य गोष्ट, म्हणजे कुणीतरी समोर बसून गोळी गिळताना बघायचे, हिचे एक मूळ मद्रासच्या या कामात आहे.

याच काळात बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेत देबाबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकुर जिल्ह्यातल्या खेड्यांत जाऊन क्षयरोग्यांशीच बोलून पाहिले. १९६३ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. खेडूत अडाणी, त्याला रोगाची जाणीव नाही, तो उपचार घ्यायला येत नाही, असे तेव्हा धरून चालत. अभ्यासात उलटेच निघाले. बहुतेक रोग्यांना आपल्याला काहीतरी झाले आहे हे कळत होते आणि निम्म्याहून अधिक जण आधीच कुठल्या ना कुठल्या दवाखान्यात जाऊन आले होते. तिथे त्यांच्या थुंकीची तपासणी झाली नव्हती. खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन त्यांना वाटेला लावले होते. रोगी दारापर्यंत येतो आणि दारातला माणूस त्याला ओळखत नाही, हे या अभ्यासाचे सार होते. १९६२ साली सुरू झालेला भारताचा राष्ट्रीय कार्यक्रम याच विचारावर उभा राहिला. क्षय शोधायला वेगळे पथक हिंडवायचे नाही, लोक जिथे जातात तिथेच तो शोधायचा. फक्त 'लोक जिथे जातात' याचा अर्थ सरकारने 'सरकारी दवाखाना' असा घेतला. खेड्यातला माणूस प्रत्यक्षात कुठे जात होता, याकडे पुढची तीस वर्षे कुणी फारसे पाहिले नाही.

ते पाहिले मुंबईत. डॉ. नोशीर अंतिया यांनी १९७५ साली स्थापन केलेल्या फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ या संस्थेत डॉ. मुकुंद उपळेकर काम करत होते. धारावीतल्या सुमारे शंभर खाजगी डॉक्टरांकडे जाऊन त्यांनी एकच प्रश्न विचारला: क्षयाच्या रोग्याला तुम्ही कोणती औषधे लिहून देता? १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात उत्तरांची मोजदाद आहे. शंभर डॉक्टरांनी ऐंशी निरनिराळे औषधोपचार सांगितले होते आणि त्यांतले बहुतेक चुकीचे किंवा नाहक महागडे होते. यांत ॲलोपॅथीचे होते, आयुर्वेदाचे, युनानीचे, होमिओपॅथीचेही होते. पुढे शीला रंगन यांच्यासोबत उपळेकरांनी पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातले रोगीही अभ्यासले. चित्र तेच होते. रोगी आधी खाजगी डॉक्टरकडे जातो, एकाकडून दुसऱ्याकडे फिरतो, पैसे संपल्यावर सरकारी दवाखान्याची पायरी चढतो आणि तोवर घरातल्या आणखी कुणाला तरी खोकला लागलेला असतो. उपचार न मिळालेला एक सांसर्गिक रोगी वर्षाकाठी दहा-पंधरा जणांना जंतू देतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. ती सगळी वणवण या आकड्याच्या उजेडात पाहायला हवी.

१९९३ साली जागतिक आरोग्य संघटनेने क्षयरोग ही जागतिक आणीबाणी असल्याचे जाहीर केले. रिफाम्पिसिनमुळे उपचाराचा काळ दीड वर्षावरून सहा-आठ महिन्यांवर आला होता. टांझानियात कारेल स्टिब्लो यांनी हे उपचार गरीब देशातल्या साध्या यंत्रणेतही राबवता येतात हे दाखवले होते. थुंकीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी, ठरलेली औषधे, त्यांचा अखंड पुरवठा, समोर बसवून गोळी देणे आणि प्रत्येक रोग्याची नोंद, अशी पद्धत ठरली. बांगलादेशाने ती १९९३ पासून स्वीकारली. कागदावर सगळे चोख होते. अडचण होती ती 'समोर बसवून' या दोन शब्दांत. उपजिल्ह्याच्या ठिकाणी ३१ खाटांचे एक आरोग्य संकुल आणि त्याच्याभोवती लाखांनी मोजावी अशी वस्ती. पावसाळ्यात मैमनसिंग, नेत्रकोणाकडच्या निम्म्या वाटा पाण्याखाली जातात. रोजंदारीवरचा शेतमजूर एका गोळीसाठी रोज नदी ओलांडून येईल, अशी अपेक्षा ढाक्यात बसूनच करता येते.

यावर एक तोड ब्रॅक या स्वयंसेवी संस्थेने आधीच काढली होती. १९८४ साली मानिकगंज भागात तिने गावातल्या बायकांना, 'स्वास्थ्य सेविकां'ना, क्षयाच्या गोळ्या देण्याचे काम शिकवले. रोग्याकडून सुरुवातीला थोडी अनामत घ्यायची आणि उपचार पूर्ण झाल्यावर तिच्यातला काही भाग त्याला परत द्यायचा, असा त्यांचा व्यवहार होता. प्रयोग यशस्वी झाला आणि १९९७ साली 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष आले. अर्धवट शिकलेली बाईही हे काम नीट करू शकते, हे त्यामुळे सिद्ध झाले. मात्र सेविका संस्थेने तयार केलेली होती, संस्थेचीच होती. ग्राम डाक्तार कुणाचाच नव्हता. तो स्वतःच्या दुकानाचा मालक होता आणि लोकांचा खोकला हे त्याच्या पोटाचे साधन होते.

डेमियन फाउंडेशन मूळचे बेल्जियमचे. हवाईतल्या मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांत राहून १८८९ साली त्याच रोगाने वारलेल्या फादर डेमियन यांचे नाव घेऊन ते १९६४ साली निघाले आणि १९७२ पासून बांगलादेशात कुष्ठरोगाचे काम करू लागले. कुष्ठरोगाने या माणसांना जी शिस्त लावली होती ती पुढे क्षयात कामी आली. गोळ्या मोजून द्यायच्या, वहीत प्रत्येक रोग्याची नोंद ठेवायची, कुणी आला नाही तर सायकल काढून त्याच्या घरी जायचे. नव्वदच्या दशकात सरकारशी करार करून संस्थेने क्षयाचेही काम अंगावर घेतले, ते पुढे सुमारे २ कोटी ६० लाख ग्रामीण लोकवस्तीपर्यंत वाढले. कामात असलेल्या लोकांना एक गोष्ट रोज दिसत होती. केंद्रावर येणाऱ्या रोग्याने आधी ग्राम डाक्ताराकडचे सिरप घेतलेले असे. त्याला टाळून रोग्यापर्यंत पोहोचायचा रस्ताच नव्हता.

प्रशिक्षणात काय शिकवायचे यापेक्षा काय शिकवायचे नाही, हे ठरवण्यात या योजनेची खरी हुशारी होती. ग्राम डाक्ताराने क्षयाचे निदान करायचे नाही आणि औषध ठरवायचे नाही. त्याने तीन कामे करायची. तीन आठवड्यांहून जास्त खोकला असलेला माणूस आला की त्याला अँटिबायोटिकच्या तिसऱ्या कोर्सवर न ठेवता थुंकीच्या तपासणीला पाठवायचे. क्षय ठरला आणि रोग्याने त्याचे दुकान पसंत केले, तर केंद्रातून आलेल्या गोळ्या रोज आपल्यासमोर गिळायला लावायच्या आणि कार्डावर खूण करायची. तिसरे, रोगी आला नाही किंवा त्याला औषधाचा त्रास झाला, तर लगेच कळवायचे. निदान प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ करणार. काचपट्टीवर निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या दिसतात की नाही, यात दुकानदाराच्या मताला जागा नव्हती. गोळ्या सरकारच्या, मोफत. वर देखरेखीला संस्थेचे क्षेत्रकर्मचारी, ते दुकानात येऊन कार्डे आणि गोळ्या ताडून पाहत.

या कामाचा पगार नव्हता. मग त्याने ते का करावे? रोग्याला केंद्राकडे धाडणे म्हणजे गिऱ्हाईक घालवणे, असे वरवर पाहता वाटते. दुकानाच्या बाजूने पाहिले की हिशेब वेगळा दिसतो. महिनोन्महिने खोकणारा आणि खंगत जाणारा रोगी हे गावात दुकानाची नाचक्की करणारे गिऱ्हाईक असते. तोच माणूस सहा-आठ महिन्यांत उठून शेतात गेला, तर सगळे गाव बघते आणि श्रेय दुकानाला मिळते. शिवाय रोज गोळीसाठी येणारा रोगी जाताना पोराच्या तापाचे औषधही तिथूनच घेतो. आणि ज्याला आजवर सरकारी डॉक्टरने दारात उभे केले नव्हते, त्याला आता प्रशिक्षणाला बोलावणे येत होते, त्याने पाठवलेल्या रोग्याचा निकाल त्याला कळवला जात होता. खेड्यात या पतीची किंमत रोखीत होत नसली तरी तिच्यावर धंदा चालतो.

निकाल २००६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये प्रसिद्ध झाले. लेखकांत डेमियन फाउंडेशनचे एम. ए. हामीद सलीम होते आणि धारावीतल्या ऐंशी चिठ्ठ्या मोजणारे मुकुंद उपळेकरही होते. ते एव्हाना जीनिव्हात आरोग्य संघटनेत खाजगी वैद्यकांना क्षयरोग कार्यक्रमात जोडून घेण्याचे काम पाहत होते. लेखाच्या शीर्षकाचाच आशय असा होता की जो बोजा समजला जात होता त्याचे भांडवल केले. प्रकल्पाच्या भागात सापडलेल्या क्षयरोग्यांपैकी ११ टक्के ग्राम डाक्तारांनी पाठवलेले होते. डोळ्यांसमोर गोळ्या घेणाऱ्यांपैकी २० ते ४५ टक्के रोगी त्या ग्राम डाक्तारांसमोर घेत होते. आणि उपचार यशस्वी होण्याचे प्रमाण सगळ्या काळात ९० टक्क्यांच्या आसपास राहिले.

हे तीन आकडे शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. साडेबारा हजार माणसे शिकवून दहा रोग्यांमागे एकच त्यांच्याकडून येतो, हे काही डोळे दिपवणारे यश नव्हे. धंद्याची जुनी सवय एवढ्या शिकवणीने मोडत नाही. खोकल्यावर आधी आपले सिरप देऊन पाहण्याचा मोह राहिलाच असणार. योजनेचे खरे फळ दुसऱ्या आकड्यात आहे. रोगी शोधण्यापेक्षा रोगी टिकवण्यात ग्राम डाक्तार जास्त उपयोगी पडला. त्याचे दुकान गावात होते, पहाटे उघडत होते, अंधार पडल्यावरही उघडे असे आणि त्याला सुट्टी ठाऊक नव्हती. गोळी गिळण्यासाठी मजुराला रोजंदारी बुडवावी लागली नाही. सरकारी यंत्रणेला जे कितीही खर्च करून जमले नसते, ते त्या दुकानाकडे आयते होते.

मग हेच सूत्र सगळ्या रोगांना लावता येईल का? याचे उत्तर सीमेच्या अलीकडे, पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात मिळाले. डॉ. अभिजित चौधरी यांच्या लिव्हर फाउंडेशनने तिथल्या अशाच वैद्यकांसाठी नऊ महिन्यांचा अभ्यासक्रम चालवला होता. त्याची शास्त्रीय परीक्षा जिष्णू दास, अभिजित बॅनर्जी यांच्या गटाने केली आणि २०१६ साली 'सायन्स'मध्ये ती प्रसिद्ध झाली. २०३ गावांतले ३०४ वैद्यक घेऊन, चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना प्रशिक्षण दिले आणि नंतर शिकवून तयार केलेले तोतया रोगी त्यांच्याकडे पाठवले. छातीत दुखणे, दमा आणि घरी असलेल्या मुलाची हगवण अशा तीन तक्रारी हे रोगी सांगत. प्रशिक्षण घेतलेल्यांनी रोगी जास्त नीट हाताळले. त्यांच्यात आणि सरकारी डॉक्टरांत जी तफावत होती ती साधारण निम्म्याने भरून निघाली. पण नको ती औषधे आणि अँटिबायोटिक्स देण्याचे प्रमाण जराही कमी झाले नाही. त्यात सरकारी डॉक्टरांचे वर्तनही काही फार वेगळे नव्हते, हेही अभ्यासात नोंदलेले आहे.

बीरभूमच्या वैद्यकाला ज्ञान मिळाले होते, पण त्याची कमाई अजूनही औषधे विकण्यातच होती. मैमनसिंगच्या ग्राम डाक्ताराच्या हाती क्षयाच्या बाबतीत विकायला काही ठेवलेलेच नव्हते. गोळी फुकट, निदान दुसऱ्याचे, प्रमाण ठरलेले. दोन ठिकाणच्या निकालांतला फरक मला मुख्यतः इथे दिसतो. आणि म्हणूनच क्षयाचे यश दाखवून 'मग यांना सरसकट डॉक्टरकीचा परवाना द्या' असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद टिकत नाही.

वैद्यकीय संघटनांचा विरोध आधीपासून होता आणि अजून आहे. अर्ध्या ज्ञानाला सरकारी शिक्का मिळेल, प्रमाणपत्र भिंतीवर लावून उद्या हाच माणूस शस्त्रक्रियाही करील, ही भीती अगदीच अनाठायी नाही. पल्ली चिकित्सकांचा इतिहास तेच सांगतो. पण दर्जाचा मुद्दा मांडताना पदवीधरांनी आपलेही घर पाहायला हवे. धारावीतली ती तपासणी डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी जवळपास दोन दशकांनी पुन्हा केली. २०१० साली निष्कर्ष आले: १०६ खाजगी डॉक्टरांनी ६३ वेगवेगळे उपचार लिहिले आणि त्या डॉक्टरांपैकी फक्त सहा जणांनी लिहिलेला उपचार बरोबर होता. ही पदवीधर मंडळी होती. पदवी होती, पण मागे प्रयोगशाळा नव्हती, मोफत ठरलेल्या गोळ्या नव्हत्या, कार्ड तपासायला येणारा कुणी नव्हता.

बांगलादेशातल्या या यंत्रणेचा आणखी एक परिणाम सुरुवातीला कुणाच्या मनातही नसावा. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर जगभर वीस-वीस, चोवीस-चोवीस महिन्यांचे उपचार चालत आणि बरेच रोगी वाटेत गळत. आर्मांड फान डॉयन यांनी डेमियन फाउंडेशनच्या बांगलादेशातल्या रोग्यांवर औषधांच्या वेगवेगळ्या जुळण्या एकामागून एक वापरून पाहिल्या. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात शेवटच्या, किमान नऊ महिन्यांच्या उपचाराने २०६ रोग्यांपैकी जवळपास ८८ टक्के पुन्हा न उलटता बरे झाल्याचे होते. गोळी रोज पोटात जाते याची खात्री नसती, तर असा अभ्यास करणेच अवघड होते. 'बांगलादेश रेजिमेन' या नावाने हा उपचार ओळखला गेला आणि २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यावर आधारलेल्या छोट्या उपचाराची शिफारस केली.

भारताने या सगळ्यातून अर्धेमुर्धे घेतले. २०१० नंतर 'अक्षय' प्रकल्पात अनेक राज्यांतल्या ग्रामीण वैद्यकांना रोगी पाठवण्याचे प्रशिक्षण दिले गेले. २०१२ साली प्रत्येक क्षयरोग्याची नोंद सरकारला कळवणे खाजगी डॉक्टरांवर बंधनकारक झाले. आता संशयित रोग्याची माहिती देणाऱ्या कुणालाही, रोग ठरल्यास, ५०० रुपये मिळतात. म्हणजे ग्राम डाक्ताराच्या तीन कामांपैकी पहिले, ज्यात तो तुलनेने कच्चा ठरला, ते आपण पैसे देऊन विकत घेतो. दुसरे, ज्यात तो पक्का ठरला, ते त्याच्या हाती द्यायला आपली राज्ये अजून कचरतात. जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा आज भारतात आहे.